तळहाताचं माप

पट्टेवाले म्हणजे कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसून साहेबाची घंटा ऐकणारा माणूस, असं कुणाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. आमचे पट्टेवाले जन्मात कधी कचेरीची पायरी चढले नव्हते. त्यांनी आयुष्यभर पट्टे शिवले. बॅगांचे शिवले, खोगिरांचे शिवले, कुत्र्यांच्या गळ्यातले शिवले, म्हणून लोकांनी त्यांना चेष्टेनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. गेली दोन वर्षं मात्र ते एक पट्टा फार जीव लावून करत होते. शिडाच्या फळीवर पाय अडकवायचा पट्टा. तोही एकाच गिऱ्हाइकासाठी, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांची लेक.

लेकीला अख्खा किनारा भिंगरी म्हणायचा. विंडसर्फिंग करायचं तर शिडाची दांडी हातात धरून लांबलचक फळीवर उभं राहायचं आणि वारा नेईल तसं नाही, आपल्याला हवं तसं जायचं. ते तिला असं काही जमायचं की बघणारे चहा गार होईपर्यंत बघत राहायचे. वारा जोरात असला की शीड माणसाला अक्षरशः उचलतं. तेव्हा फळीवर टिकायचं असेल तर पाय पट्ट्यांत हवेत. पुढे दोन पट्टे, डाव्या आणि उजव्या बाजूच्या वाऱ्यासाठी एकेक, आणि मागे एक. वारा वाढला की आधी पुढचा पाय जातो, आणि फळी पाण्यावरून सुसाट निघाली की मग मागचा.

आता या पट्ट्याची गंमत अशी, की तो घट्ट असला तर पाय पहिल्याच झटक्याला निसटतो, आणि ढिला असला तर पाय आत घुसतो तो थेट घोट्यापर्यंत. मग माणूस पडतो एकीकडे, फळी उलटते दुसरीकडे, आणि मध्ये अडकलेला घोटा बिचारा कुणाकुणाचं ऐकणार? दोन वर्षांपूर्वी भिंगरीनं कुणाची तरी फळी मागून घेतली, पट्टे बघितले नाहीत, आणि घोटा मोडून घेतला. हाडात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. डॉक्टरीणबाईंनी पट्टेवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हाच घोटा पुन्हा गेला तर खेळाचं सोडाच, पोरीला जिना चढतानासुद्धा कठडा धरावा लागेल."

ते वाक्य पट्टेवाल्यांच्या कानात जे बसलं ते बसलंच. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. लेकीच्या फळीवर बाजारातला पट्टा चढणार नाही, आणि त्यांच्याशिवाय कुणाचा हात त्या स्क्रूला लागणार नाही.

त्यांच्या घराण्यात फूटपट्टी हा प्रकारच नव्हता. त्यांचे वडील सगळं हातानंच मोजायचे आणि तीच सवय त्यांना लागली. पोरगी प्लास्टर सुटून घरी आली तेव्हा त्यांनी एकदाच, फक्त एकदाच, तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टा बेतला होता. अर्धं पाऊल आत गेल्यावर पट्टा जिथं अडायला हवा, तिथं त्यांचाच तळहातही अडत होता. अंगठा आत दुमडायचा, हात पट्ट्याखाली सरकवायचा, बोटांच्या मुळाशी हाडांची टेकाडं असतात तिथं पट्टा थांबला की झालं माप. माप हातात उतरलं, मग पुन्हा पाय कशाला मागायचा?

निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ते आपल्या शेडमध्ये फळीवर वाकून बसले होते. किनाऱ्यामागच्या गल्लीतली ही पत्र्याची शेड. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पट्टे, मधोमध लाकडी बाक. हंगामातले जुने पट्टे काढून त्यांनी नवे शिवले होते. फळीत प्लास्टिकची बुचं बसवलेली असतात आणि स्क्रू त्यांत पिळायचे असतात. तिथं मशीन लावलेलं त्यांना खपत नसे. "मशीनला कळत नाही कुठं थांबायचं," असं ते म्हणत. हातानं पिळायचं, बूच स्क्रूला धरतंय हे मनगटाला कळायला हवं, आणि मग अर्धा वेढा जास्त, बस्स.

त्या दिवशी तो अर्धा वेढा काही केल्या होईना. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत धरला, छातीनं रेटा दिला.

"बाबा, द्या इकडं. मी पिळते," भिंगरी म्हणाली.

"का? माझे हात काय भाड्यानं दिलेत?"

"तसं नाही हो. मी आपलं म्हटलं..."

"तू तुझ्या शिडाच्या दोऱ्या बघ. उद्या पहिली येणारीला संघात घेणार आहेत, पट्टे पिळणारीला नाही."

ती भिंतीकडे बघत राहिली, आणि मग खरंच दोऱ्या बघायला बाहेर गेली. पट्टेवाल्यांनी कसाबसा स्क्रू बसवला. मग अंगठा दुमडून एकेका पट्ट्याखाली हात सरकवला. तिन्ही ठिकाणी बोटांच्या मुळाशी पट्टा अडला. उत्तम. दुपारी तपासणीला आलेल्या पंचबाईंना त्यांनी ठणकावून सांगितलंच होतं, की माझ्या पट्ट्यांची तपासणी करायची गरज नाही, बाकीच्यांच्या करा.

उठताना खिडकी खडखडली. जुनी चौकट, जरा वारा आला की डोकं उठवायची. पट्टेवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाकाखाली, डब्याच्या मागे, काळ्या रबराचा एक तुकडा पडला होता. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, कडा कुणीतरी कात्रीनं गोल केलेल्या. 'कचरा नुसता,' असं पुटपुटत त्यांनी तो दुमडला आणि चौकटीच्या फटीत ठोसून बसवला. खडखड थांबली. दिवसभरात एक काम तरी पहिल्या झटक्यात झालं म्हणून त्यांना उगाच बरं वाटलं.

सकाळी भिंगरी फळी न्यायला आली ती आधी बाकाखाली वाकली. डबे सरकवले, मागे हात घातला, गुडघ्यांवर बसून कोपरे धुंडाळले.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"काही नाही ते इतकं वाकून शोधतात होय?"

"केसांचं रबर हो, बाबा."

तिची आई दारात घाई करत होती. "अगं, चल गं बाई! तिकडं नावं पुकारायला लागले असतील." भिंगरी उठली. तिनं खिडकीतून समुद्राकडे बघितलं. पाणी तव्यासारखं सपाट होतं. "आज काही वारा येत नाही," ती म्हणाली, आणि ते तिनं आईला सांगितलं की बाबांना की स्वतःलाच, कोण जाणे. फळी डोक्यावर घेऊन मायलेकी गेल्या.

पट्टेवाले आताशा शर्यत बघायला जात नसत. घोटा मोडला त्या दिवशी ते किनाऱ्यावर होते. एवढं पुरे होतं. शर्यत संपेपर्यंत शेडमध्ये काहीतरी शिवत बसायचं आणि बायकोच्या फोनची वाट बघायची, हा त्यांचा शिरस्ता.

आज त्यांनी एका जाड चामडी बॅगेचं काम काढलं. असलं चामडं शिवताना दोरा हात कापतो, म्हणून चामड्याचे हातमोजे घालावे लागतात. त्यांनी स्वतः शिवलेले मोजे ट्रंकेत तळाशी होते, बरेच दिवस लागले नव्हते. त्यांनी उजवा मोजा चढवायला घेतला. तो बोटांच्या मुळापर्यंत गेला आणि थांबला.

"आटलं वाटतं चामडं," ते म्हणाले. खाऱ्या हवेत चामडं आटतं, त्यात नवल नाही. त्यांनी डावा घेतला. तोही तिथंच थांबला. ओढला, रेटला, दातानं धरून खेचला. हाडांच्या टेकाडांवरून पुढे सरकायला तयार नाही.

मग त्यांनी मोजा खाली ठेवला आणि आपल्या हाताकडे बघितलं. आपला हात माणूस रोज बघतो, म्हणूनच तो बघत नाही. बोटांची मुळं फुगलेली, टेकाडांच्या जागी गाठी, मधल्या खळग्या कुठल्या कुठं गेलेल्या. सकाळी बोटं आखडतात हे त्यांना ठाऊक होतं. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघाली नाही, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली, हेही ठाऊक होतं. 'वय झालं, चालायचंच,' म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. बायकोलासुद्धा फार बोलू दिलं नव्हतं.

त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथं तो पहिला पट्टा टांगलेला होता, पोरीचा पाय मांडीवर घेऊन बेतलेला. एका फळकुटावर ठोकून त्यांनी तो आठवण म्हणून ठेवला होता. ते उठले. अंगठा दुमडला. हात पट्ट्याखाली सरकवला.

हात बोटांच्या मध्यावरच अडकला. मुळं बाहेरच राहिली.

पट्टेवाल्यांनी हात बाहेर काढला. त्यांनी पुन्हा घालून बघितला. डावा घालून बघितला. पट्टा तोच होता, पाय तोच होता, बदलला होता तो हात. आणि काल याच सुजलेल्या हातानं त्यांनी तीन पट्टे मापले होते. मुळाशी अडला, उत्तम! उत्तम कसलं डोंबलाचं! हात जेवढा फुगला तेवढा पट्टा ढिला. ढिला म्हणजे पाय घोट्यापर्यंत. पाय घोट्यापर्यंत म्हणजे...

पुढचं त्यांनी डोक्यात येऊच दिलं नाही. फोन उचलला, बायकोला लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. किनाऱ्यावरच्या गर्दीत तिला काय ऐकू येणार! खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर, जी सकाळपासून मेल्यासारखी लोंबत होती, ती हळूच फुगली.

शेड उघडी टाकून पट्टेवाले पळत सुटले. पायात एक चप्पल होती, दुसरी गल्लीच्या तोंडाशी कुठंतरी राहिली. सायकलवाल्याला धडकले, "दिसत नाही का हो?" म्हणून त्यानं आवाज टाकला, त्याला उत्तर द्यायलाही थांबले नाहीत. किनाऱ्यावर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती.

पाण्यात नारिंगी फुगे तरंगत होते आणि त्यांना वळसे घालत रंगीबेरंगी शिडं चालली होती. सगळ्यांत पुढे पिवळं शीड. ते भिंगरीचं. वारा अजून बेताचाच होता, फळ्या पाणी कापत चालल्या होत्या, उडत नव्हत्या. पण पार पलीकडे, क्षितिजाच्या अलीकडे, पाण्यावर एक काळपट पट्टा उमटला होता आणि तो रुंद होत होता. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. वारा निघाला होता.

पंचबाई उंच खुर्चीवर दुर्बीण लावून बसल्या होत्या. पट्टेवाल्यांनी खुर्चीचा पाय धरला.

"बाई, शर्यत थांबवा!"

"काय झालं?"

"माझ्या मुलीचे पट्टे ढिले आहेत. वारा आला की ती मागचा पाय घालणार. घोटा मोडेल तिचा."

"कुणी केले पट्टे?"

"मी."

पंचबाईंनी दुर्बीण खाली केली. "काल मी तपासायला आले तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, गरज नाही म्हणून?"

"म्हणालो. चुकलो. माझे हात सुजलेत, बाई. माझं माप चुकलंय." हे त्यांनी सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. शरम वाटायची ती वाटलीच, पण तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

"एकीसाठी शर्यत थांबत नाही," पंचबाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "मी मदतीची बोट पाठवू शकते. पण बोट तिच्यापर्यंत गेली आणि तिला थांबवलं, की ती बाद. नियम आहे. तुम्ही वडील आहात, तुम्ही सांगा. पाठवू?"

तेवढ्यात भिंगरीची आई गर्दीतून धावत आली. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं होतं. "अहो, काय बोलताय काय? ती पहिली आहे! शेवटचा वळसा राहिलाय! दोन वर्षं ती पोर याच दिवसासाठी मरमर मरतेय, आणि तुम्ही तिला बाद करणार?"

"वारा येतोय."

"आणि नाही आला तर? आला तरी नाही पडली तर?"

"तर ती मला जन्मभर शिव्या घालेल," पट्टेवाले म्हणाले. "घालू दे. दोन पायांवर उभी राहून घालू दे."

आईनं तोंडाला पदर लावला. पट्टेवाल्यांनी पंचबाईंकडे वळून मान हलवली, आणि बोटवाला इंजीन सुरू करतोय न करतोय तोच ते कमरेएवढ्या पाण्यात शिरून बोटीच्या काठाला लोंबकळले.

"काका, तुम्ही कुठं?" बोटवाला ओरडला.

"तुला बघून ती थांबायची नाही. मला बघून थांबेल. वर घे!"

बोट निघाली. ती पाण्यावर अशी आपटत होती की मणका न् मणका हलत होता. "काठ धरा, घट्ट धरा!" बोटवाला सांगत होता.

"धरवत नाहीये रे," पट्टेवाले म्हणाले. त्यांनी दोन्ही कोपरं काठात अडकवली आणि हनुवटी टेकली. समोर तो काळा पट्टा आता रेघ राहिला नव्हता. तो अख्खं पाणी खवळत, बारीक फेस उडवत सरकत येत होता, आणि भिंगरीची पाठ त्याच्याकडे होती. शेवटच्या फुग्याला वळसा घालून ती किनाऱ्याच्या दिशेला लागली. पुढचा पाय पट्ट्यात होता. मागचा अजून फळीवर मोकळा होता, पण पट्ट्याच्या अगदी तोंडाशी. पट्टेवाल्यांना तेवढंच दिसत होतं. जगात दुसरं काही उरलंच नव्हतं.

"भिंगरे!" ते ओरडले. वारा, इंजीन, पाणी, कुणी ऐकतंय! "अगं ए पोरी! मागचा पाय घालू नको! घालू नको गं!"

वाऱ्याचं पहिलं टोक तिच्या शिडाला लागलं. शीड टच्च फुगलं, फळीचं नाक वर आलं. तिनं अंग मागे झोकलं आणि मागची टाच उचलली. पावलाची बोटं पट्ट्याखाली शिरली.

त्याच वेळी तिनं मान वळवली, आणि बोट तिला दिसली. बोटीत बाबा. जे दोन वर्षांत पाण्याकडे फिरकले नव्हते ते बाबा, ओलेचिंब, कोपरांवर लोंबकळत, तोंड वासून काहीतरी ओरडताहेत. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं मागचा पाय उपसला, दांडी सोडून दिली. शीड धाडकन पाण्यात पडलं आणि त्याच्यामागे ती.

बोट तिच्यापाशी पोचली तेव्हा तिनं पाण्यातून डोकं वर काढलं. "आईला काय झालं? बाबा, आईला काय झालं?"

"आई बरी आहे. तुझे पट्टे ढिले आहेत. माझा हात सुजलाय, मी चुकीचं..."

"म्हणून थांबवलंत मला?"

वारा आता पूर्ण पोचला होता. मागची शिडं एकेक करून सणाणत त्यांच्या बाजूनं पुढे निघाली. निळं गेलं, लाल गेलं. एक पांढरं शीड वाऱ्यानं असं काही उचललं की त्यावरची मुलगी फळीला सोडून पार लांब पाण्यात जाऊन पडली. तिचा पाय मोकळा होता. पडली आणि हसत वर आली.

"मला माहीत आहे!" भिंगरी पाण्यातूनच किंचाळली. रडत होती की समुद्राचं पाणी होतं, कळत नव्हतं. "तुमचा हात सुजलाय ते मला वर्षभर माहीत आहे, बाबा!"

तिला आणि फळीला घेऊन बोट किनाऱ्याला लागली. बोटवाल्यानं फळी वाळूवर ओढली आणि शहाण्या माणसासारखा निघून गेला. तिकडे निळ्या शिडाच्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी खांद्यावर घेतलं होतं. भिंगरीनं तिकडे एकदा बघितलं, आणि मग फळीपाशी गुडघे टेकले. पुढच्या पट्ट्यावरच्या कापडी कव्हराची शिवण एका बाजूनं मोकळी होती. तिनं त्यात बोट घातलं आणि आतून काहीतरी ओढून बापाच्या पुढ्यात टाकलं.

"हे बघा. वर्षभर हेच करतेय. तुम्ही पट्टा बसवता, मी आत ही घालते, म्हणजे पट्टा जाड होतो आणि पाय बरोबर अडतो. घरी यायच्या आधी काढून टाकते. तुम्हाला कळू नये म्हणून. कप दोन्ही हातांनी धरता तुम्ही, तरी माझे पट्टे तुम्हीच करणार! काय सांगणार होते मी तुम्हाला? तुम्हाला आता जमत नाही, असं?"

वाळूत काळ्या रबराची एक पट्टी पडली होती. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, कडा कात्रीनं गोल केलेल्या.

पट्टेवाल्यांनी ती पट्टी उचलून उलटीपालटी करून बघितली. "मागच्या पट्ट्यात पण घातलीस?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं मागच्या पट्ट्याकडे बघितलं.

"मागच्या पट्ट्यात आहे का गं?" आता आईनं विचारलं.

"एक सापडली नाही सकाळी. मला वाटलं, वारा नाहीये, मागचा पाय घालायची वेळच येणार नाही."

"पाय घाल," पट्टेवाले म्हणाले.

"बाबा..."

"घाल पाय."

तिनं उभं राहून मागच्या पट्ट्यात पाय घातला. पाय आत गेला. अर्ध्या पावलाशी थांबायला हवा होता, तो थांबला नाही. तसाच सरकत सरकत गेला, आणि घोट्यावरचा ऑपरेशनचा व्रण पट्ट्याच्या आत दिसेनासा झाला. भिंगरी खाली बघत राहिली. तिनं पाय बाहेर ओढायला बघितला. टाच अडकली. वाळूवर, कोरड्या जागी, काही घाई नसताना अडकली. दोन्ही हातांनी पट्टा धरून तिला तो सोडवावा लागला.

"वारा आल्यावर घातला असतास?" पट्टेवाल्यांनी विचारलं.

"घातला होता," ती म्हणाली. "बोटं घातली होती. तुम्ही दिसलात."

आणि मग मात्र ती वाळूत बसकण मारून लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. हरल्याचं रडू होतं ते, उगाच कशाला खोटं बोला. घोटा वाचला म्हणून शर्यत गेल्याचं दुःख कमी होत नाही. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पट्टेवाल्यांनाही हात पुढे करावासा वाटला, पण त्या हाताकडे बघून त्यांनी तो मांडीवरच ठेवला.

शेडचं दार उघडंच होतं. आत आल्यावर भिंगरीनं सवयीनं पुन्हा बाकाखाली वाकून बघितलं.

"तिथं नाही," पट्टेवाले म्हणाले. ते खिडकीपाशी गेले, आखडलेल्या बोटांनी चौकटीच्या फटीतून दुमडलेलं रबर उपसून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "काल खिडकी वाजत होती."

भिंगरीनं ते हातात घेतलं. उलगडलं. बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून राग, हसू, रडू असं सगळं एकामागून एक सरकून गेलं आणि शेवटी राग तेवढा टिकला.

"मला का नाही सांगितलंत, हात दुखतात म्हणून?"

"तू का नाही सांगितलंस?"

खिडकी खडखडायला लागली होती. बाहेर वारा आता नुसता धिंगाणा घालत होता.

पट्टेवाल्यांनी खिळ्यावरचा नवा कोरा पट्टा काढला, खडू घेतला आणि बाकावर बसले. मांडीवर थाप मारली. "पाय दे."

तिनं ओला, वाळूनं माखलेला पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. पट्टा पावलावर धरून ते हळूहळू मागे सरकवत गेले. या वेळी अंगठा दुमडला नाही, हात मध्ये घातला नाही.

"कुठं अडतोय ते तू सांग."

"अजून थोडा. अजून. हं, इथं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खडूची खूण केली. मग हाताशीच्या गॅसवर भोकं पाडायची आरी तापवून ती लाकडी मुठीकडून तिच्यापुढे धरली. "भोक तू पाड. आणि उद्यापासून स्क्रू पण तूच पिळायचे. मी बघेन बाजूला बसून."

भिंगरीनं आरी घेतली. "मी तुमच्याशी बोलत नाहीये अजून," ती म्हणाली.

"नको बोलू," पट्टेवाले म्हणाले. "पाय तेवढा हलवू नकोस."